धुतल्या ट्रेलरासारखा

न्हावा शेवा ते नागपूर ट्रेलर हाकायचा आणि वर तो चकाचक ठेवायचा, असं तुम्ही मनावर घेतलं असेल तर आधी अभिनंदन. काम काही अवघड नाही. 22 चाकं, पुढे घोडा म्हणजे ओढणारं इंजिन-केबिन, मागे 40 फुटी डबा म्हणजे कंटेनर. डब्याची एक बाजू साधारण 340 चौरस फूट. पनवेलला एवढ्या जागेत वन रूम किचन बसतं आणि माणूस वीस वर्षं हप्ते फेडतो. दोन्ही बाजू धरा, 680. हाताशी पाणी किती? एक लिटर. झाकणाला खिळ्याने सहा भोकं पाडलेली बाटली. लागा कामाला.

डबा मुळात तुमचा नाही, हे मनाला लावून घेऊ नका. तो जहाज कंपनीचा. आज तुम्ही पुसाल, परवा तो समुद्रावर असेल. पण रिकामा डबा यार्डात परत देताना तिथला माणूस आत डोकं घालून वास घेतो. लाकडी तळावर खिळा सापडला, कोपऱ्यात पावडर दिसली, की सफाईचा आकार. माल भरला कारखान्याने, उतरवला गोदामाने, खिळा ठोकला त्यांच्याच हमालाने. कापणार मात्र तुमच्या भत्त्यातून. म्हणून सीटमागे केरसुणी ठेवा. तिला आपल्याकडे लक्ष्मी का म्हणतात, ते भत्ता मोजताना कळेल.

पूर्वी या कामाला गाडीवर वेगळा माणूस असायचा. त्याचं नावच क्लीनर. तो टायर ठोकून बघायचा, रिव्हर्सला मागे उभा राहून 'आन दो, आन दो' ओरडायचा, स्टोव्हवर चहा टाकायचा आणि उरलेल्या वेळात उस्तादाच्या शिव्या खायचा. त्याला गाडी धुताना पाहिल्याचं फारसं आठवत नाही, पण निदान माणूस होता. मग शेठनी हिशेब मांडला आणि क्लीनरच साफ केला. ट्रेलरवरची एवढी एकच सफाई मी पूर्ण झालेली पाहिली.

आता साहित्य. काचेसाठी एक रुपयाची शाम्पूची पुडी आणि शिळा पेपर. समृद्धीने रात्री गेलात तर 701 किलोमीटरचे किडे काचेवर जमा होतात. वायपर फिरवला की त्यांचं पिठलं होतं, आणि समोरून आलेला दिवा त्या पिठल्यात असा फाकतो की रस्ता कुठे नि कठडा कुठे. हेडलाइट पिवळे पडले असतील तर टूथपेस्ट घासा. दात राहिले तरी चालतील.

चमक हवी? डिझेलचा फडका मारा. अर्धा तास गाडी नवरीसारखी दिसते. मग त्या तेलकट अंगावर अख्ख्या हायवेची धूळ येऊन बसते आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश फुगायला लागतात. शेठचंच डिझेल, शेठचेच बुश.

बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची गाडी असेल, तर धूर साफ करणाऱ्या युरियाच्या टाकीच्या झाकणाभोवती पांढरी पापडी धरते. ती झाकण उघडं ठेवून झटका, म्हणजे कचरा सरळ आत. पुढे दिवा लागेल, इंजिन दम टाकेल, आणि गाडी वर्कशॉपच्या फरशीवर चार दिवस धुळीविना उभी राहील. याहून स्वच्छ उपाय मला ठाऊक नाही.

रंगाचीही शिस्त असू द्या. चमकणारी पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, असा नियम आहे. ड्रायव्हरच्या दारावर वरून खाली जे लाल ओघळ दिसतात ते या नियमात बसत नाहीत. गुटख्याला महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे ते ओघळ कशाचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

ओढ्यात गाडी घालू नका. पाणी घाण करण्याविरुद्ध 1974 चा कायदा आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणाचा पाइप सुटलाय, ते मात्र बघत बसू नका.

एवढं करून तुम्ही कारखान्याच्या गेटवर पोचाल. पावसाळा होता, मी असाच पोचलो होतो. चाकापासून छतापर्यंत चिखल.

"ए ड्रायव्हर, गाडी बघ केवढी घाण. मागे घे."

"साहेब, धुतो ना. पाणी कुठंय?"

"पाणी आत आहे."

"मग आत घेऊ?"

"घाण गाडी आत चालत नाही."

यावर वाद घालू नये. सरळ मागे वळून हायवेवरचं वॉशिंग सेंटर गाठावं, पैसे खिशातून द्यावेत आणि बिल शेठला दाखवून हसं करून घ्यावं. मी तेच केलं. पोरगा विशीतला. त्याने रॅम्पवर घोडा घेतला, पाटे धुतले, मग डबा, मग जोडी-जोडीच्या टायरांमध्ये अडकलेले दगड पान्याच्या टोकाने उकरून काढले. तासाभराने ट्रेलर शोरूममधून आल्यासारखा. मी शेजारी उभा, तीन दिवसांचा घाम आणि ग्रीस अंगावर घेऊन.

"भाऊ, प्रेशर कमी करून दोन मिनिटं पाइप इकडे धरतोस का?"

त्याने धरला. बनियनसकट उभा राहिलो. पायाखालून लाल-काळं पाणी जायला लागलं ते बराच वेळ जात राहिलं.

"याचे किती?"

"ड्रायव्हरचे घेत नाही, काका."