‘क्रॅक टाका, काही होत नाही’ : फिरत्या मेसेजला उत्तर

एक लांबलचक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि ‘हे खरं का रे?’ असं विचारत मामांनीही पाठवला. थोडक्यात त्यात असं म्हटलंय : क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट चालवलेलं, सॉफ्टवेअर बिनधास्त वापरा. व्हायरसची भीती कंपन्यांनीच घातलेली आहे. बिल गेट्सलासुद्धा पायरसी हवीच होती. कायदा विकणाऱ्याला पकडतो, वापरणाऱ्याला नाही. कंपन्याच तुमचा डेटा चोरतात, मग क्रॅकवाल्याला काय घाबरायचं? आणि एवढीच धास्ती असेल तर इनकॉग्निटो (ब्राउझरची खासगी खिडकी) नाहीतर फुकटचा व्हीपीएन (नेटवरचा आपला पत्ता लपवणारी सेवा) लावा. शेवटी हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

चोरी वाईट, यावर मी कीर्तन करणार नाही. आपल्यापैकी कित्येकांचा पहिला कॉम्प्युटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असेंबल्ड होता आणि त्यात विंडोज कुठून आलं हे विचारायची पद्धतच नव्हती. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्येही भारतातलं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं. आकडा कंपन्यांच्याच संघटनेचा आहे, तेव्हा चिमूटभर मीठ लावून घ्या. पण चित्र ओळखीचं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मेसेजचा सगळा भर कंपनीचं काही बिघडत नाही यावर आहे. क्रॅक टाकणाऱ्याचं काय होतं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

‘अँटिव्हायरस क्रॅकला उगाच व्हायरस म्हणतो. दहा मिनिटं बंद ठेवा.’

यात अर्धं खरं आहे आणि तेवढंच घातक आहे.

विंडोज आणि ऑफिस ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारी जी छोटी सॉफ्टवेअरं फिरतात, त्यातली बरीच केएमएस पद्धतीवर चालतात. मोठ्या संस्थांना शेकडो कॉम्प्युटर एकदम चालू करता यावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ही सोय केली. संस्थेच्या आत एक सर्व्हर असतो, तो इतरांना १८० दिवसांची मान्यता देतो आणि ती मुदत वरचेवर वाढवत राहतो. क्रॅक काय करतो, तर असा खोटा सर्व्हर तुमच्याच मशीनमध्ये उभा करतो. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, याला ‘हॅकटूल’ म्हणतो. म्हणजे त्यात डेटा चोरणारं काही नसलं तरी घंटा वाजणारच. इथवर मेसेजचं म्हणणं मान्य.

पण मग खऱ्या व्हायरसची घंटा वेगळी कशी ओळखणार? आवाज तोच, लाल खिडकी तीच. आणि तुम्हाला तर आधीच पढवून ठेवलंय की ती खोटी असते. भामट्याला आणखी काय हवं? वॉचमनला रजा देऊन, दार सताड उघडं ठेवून वर ‘या’ म्हणण्याचा हा प्रकार आहे. २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीला नेमकं हेच सापडलं : केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये क्रिप्टबॉट हा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम होता. अ‍ॅक्टिव्हेशन होतं, माणूस खूश होतो आणि मागच्या मागे ब्राउझरमधले पासवर्ड निघून जातात. याच क्रिप्टबॉटच्या वितरकांवर गूगलने २०२३ मध्ये अमेरिकेत दावा लावला. वर्षभरात सुमारे ६ लाख ७० हजार कॉम्प्युटर बाधित झाल्याचा गूगलचा अंदाज होता. गंमत म्हणजे त्यात फुकट मिळणाऱ्या क्रोमच्याही बनावट प्रती होत्या!

अशा पानावर एकदा नीट बघा, म्हणजे डाव लक्षात येतो. ‘डाउनलोड’ची हिरवी बटणं तीन-चार, त्यातली बहुतेक जाहिराती. खऱ्यावर टिचकी मारली की दोन-तीन पानं फिरून एक झिप फाइल उतरते. तिला पासवर्ड असतो, बहुधा १२३४, आणि तो शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून दिलेला असतो. ज्याला फाइल सगळ्यांना वाटायचीय त्याने कुलूप का लावावं? तर पासवर्ड असला की तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येत नाही, म्हणून. काही वेळा आतली फाइल निव्वळ शून्यं भरून सहा-सातशे एमबीची फुगवतात, कारण एवढ्या मोठ्या फाइली बऱ्याच स्कॅनरना वगळाव्या लागतात. आणि सूचनांमध्ये पहिली ओळ : अँटिव्हायरस बंद करा. दुसरी : अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. म्हणजे मशीनमध्ये काहीही करायची मुभा आपणच आपल्या हाताने द्यायची.

ओळखीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचं असंच झालं. फोटो सुधारायचं कुठलंसं प्लगइन क्रॅक करून टाकलं. सकाळी बघतो तर प्रत्येक फोटोच्या नावामागे चार अक्षरी नवं शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्म्यात करू. हा ‘स्टॉप’ ऊर्फ ‘डीजेव्हीयू’ कुळातला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. घरगुती आणि छोट्या धंद्यांच्या मशीनमध्ये तो मुख्यतः क्रॅक आणि कीजेन (खोटी परवाना-की बनवणारे प्रोग्राम) यांतूनच शिरतो. एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये त्याच्या १४८ उपप्रकारांवर मोफत उतारा काढला खरा. पण नंतरच्या उपप्रकारांत नशीब बलवत्तर असेल तरच फाइली सुटतात. बॅकअपची हार्ड डिस्क मशीनलाच लावलेली होती, तीही गेली. नवरा-नवरीच्या घरच्यांना काय सांगायचं, हा प्रश्न कुठल्या कंपनीने सोडवायचा?

‘बिल गेट्स स्वतः म्हणाला, चोरायचंच तर आमचं चोरा.’

म्हणाला होता, १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात, गुंतवणूकदार वॉरन बफे शेजारी बसलेले असताना, चीनबद्दल. पण मेसेजने वाक्य मध्येच तोडलंय. पुढचं म्हणणं असं, की लोकांना त्याची चटक लागेल आणि मग पुढच्या दशकात कधीतरी पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही बघू. याला परवानगी म्हणत नाहीत, गिऱ्हाईक बांधून ठेवणं म्हणतात. आणि याच गेट्सने १९७६ मध्ये हौशी संगणकवाल्यांना खुलं पत्र लिहून, तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असं तोंडावर सुनावलं होतं.

चटक कशी लागते हे बघायला चीनला जायला नको. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याकडे, म्हणजे छपाईची पानं लावणाऱ्याकडे, जा. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. त्यानंतर अ‍ॅडोबीने ते पुढे नेलंच नाही. त्यात मराठी युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत, चालत नाही. तरी लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळांची स्मरणिका हे सगळं वर्षानुवर्षं त्याच्यातच होत राहिलं, कारण ते कुठून तरी ‘मिळालेलं’ होतं आणि हात त्यावर बसलेला होता. परिणाम असा, की तेव्हाचा मजकूर आज उघडला आणि तो जुना फॉन्ट मशीनमध्ये नसला तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. याला एकटी पायरसी जबाबदार नाही, फॉन्टवाल्यांच्या वेगवेगळ्या सांकेतिक पद्धतीही आहेत. पण पैसे मोजले असते तर नव्याबद्दल चौकशी तरी झाली असती. फुकटच्या वस्तूबद्दल कोणी तक्रार करत नाही आणि ती बदलतही नाही.

‘कायदा विकणाऱ्याला, वापरणाऱ्याला नाही.’

हे सपशेल चूक. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम ६३ब खास वापरणाऱ्यासाठीच आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. त्यात एक सूट आहे : वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. घरात बसून क्रॅक वापरणाऱ्याकडे पोलीस आल्याचं मी ऐकलेलं नाही, हे खरं. पण मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांत क्लासवाले आहेत, आर्किटेक्ट आहेत, स्टुडिओवाले आहेत. त्यांना ती सूट नाही.

‘कंपन्याच डेटा चोरतात, मग क्रॅकवाला परवडला.’

मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे आणि त्यातलं पहिलं वाक्य मी खोडणार नाही. उलट पुरावे मीच देतो. सोनी बीएमजीने २००५ मध्ये रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीतून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये लपून राहणारं सॉफ्टवेअर घातलं. फेसबुकच्या ओनाव्हो या व्हीपीएनने, संरक्षण करतो असं सांगून, लोक कुठली अ‍ॅप किती वापरतात ते फेसबुकला कळवलं. आणि अवास्ट! अँटिव्हायरसच तो, पण लोकांचा ब्राउझिंगचा तपशील उपकंपनीमार्फत विकत होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये त्याला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

पण वरच्या तिन्ही गोष्टींचा जाब विचारता आला कसा? कंपनीला नाव होतं, पत्ता होता, कोणीतरी तिला कोर्टात किंवा आयोगासमोर उभं करू शकलं. क्रॅक बनवणाऱ्याला कुठे गाठणार?

शिवाय चोरीचा दर्जाही एक नाही. अवास्टने तुम्ही काय बघता ते विकलं. रेडलाइन, विदार, लुमासारखे ‘स्टीलर’, म्हणजे चोरटे प्रोग्राम, तुम्ही म्हणून वावरायची सोयच उचलून नेतात. तुम्ही एकदा लॉगिन केलं की साइट ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवते, म्हणून पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत नाही. ती कुकी उचलून दुसऱ्या मशीनमध्ये घातली की बऱ्याच साइटना तिथे तुम्हीच बसलाय असं वाटतं. पासवर्ड लागत नाही, ओटीपी तर येतच नाही. ‘ओटीपी कोणाला दिलाच नाही, तरी खातं गेलं कसं?’ याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुमाचं जाळं तोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटर त्याने बाधित केल्याचं सांगितलं.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे’ हेही याच मुद्द्याखाली आहे. तुमच्याकडे नसेल. पण नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप आठवा : आधार, पॅन, सातबारा, दहावीची गुणपत्रिका, सगळं गावाचं. त्याच मशीनमध्ये क्रॅक केलेलं फोटोशॉप. तिथे कागद स्कॅन करून घेताना तुम्हाला कोणी विचारलं होतं का?

‘इनकॉग्निटो लावा, फुकटचा व्हीपीएन लावा.’

इनकॉग्निटो तुमची हिस्टरी तुमच्याच मशीनवर ठेवत नाही, एवढंच. घरच्यांपासून वाढदिवसाची भेट लपवायला उत्तम. साइटना, नेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरच्या अमेरिकेतल्या दाव्यात २०२४ मध्ये गूगलने ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. फुकटच्या व्हीपीएनबद्दल होला आठवा : २०१५ मध्ये उघड झालं की तो वापरणाऱ्यांचंच नेट कनेक्शन दुसऱ्यांना विकत होता, म्हणजे परक्याने केलेल्या उद्योगांवर तुमचा पत्ता. आणि चोर मशीनच्या आतच बसलेला असेल तर या दोन्हींचा उपयोग शून्य.

मोबाइलच्या ‘मॉड’ अ‍ॅपनाही, म्हणजे मूळ अ‍ॅपमध्ये परक्याने फेरफार करून बनवलेल्या प्रतींनाही, हेच लागू. एफएमव्हॉट्सअ‍ॅपच्या एका आवृत्तीत ट्रायाडा हा ट्रोजन (साळसूद अ‍ॅपमध्ये लपून येणारा घातक प्रोग्राम) असल्याचं कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२१ मध्ये दाखवलं होतं. ब्लू टिक लपवायच्या हौसेपायी!

‘एवढे पैसे कोणाकडे आहेत? पर्याय काय?’

किमती अवाच्या सवा आहेत, दरमहा भाडं भरत राहायची पद्धत तर त्याहून वैतागवाणी. मान्य. पण पर्याय नाही हे २००५ मध्ये बहुतांशी खरं होतं. आज लिब्रऑफिस मराठीतूनही मिळतं, वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये फुकट चालतं. फोटोसाठी गिंप किंवा ब्राउझरमधलं फोटोपी, चित्रांसाठी क्रिता, व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत, छपाईलाही वापरता येतात. नवं विंडोज अ‍ॅक्टिव्हेट केलं नाही तरी बंद पडत नाही. कोपऱ्यात एक पुसट ओळ दिसत राहते आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही. परवाना त्याने मिळत नाही, पण अनोळखी माणसाच्या झिप फाइलपेक्षा ती पुसट ओळ बरी.

अडतं कुठे, तर प्रेसवाला कोरलड्रॉचीच फाइल मागतो तिथे. त्याला मोफत पर्याय असलेलं इंकस्केप त्या बाबतीत अजून कच्चं आहे. त्या धंद्यात असाल तर प्रेसला पीडीएफ चालेल का ते विचारा. पुष्कळांना चालते, फक्त मागायची सवय जुनी आहे.

आणि क्रॅक आधीच टाकलेला असेल, तर तो नुसता अनइन्स्टॉल करून भागत नाही. पासवर्ड बदलायचे, पण त्या मशीनवरून नाही, फोनवरून; सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकीचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. बहुतेक खात्यांत ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ असं काहीतरी असतं, ते दाबायचं, म्हणजे चोरलेल्या कुकी बाद होतात. मग कामाच्या फाइली बाजूला काढायच्या, फक्त कागदपत्रं आणि फोटो, कुठलाही इन्स्टॉलर नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करून मशीन कोरी करायची. मामांना मी एवढंच कळवलंय. त्यांचा पेनड्राइव्ह रविवारी करून देणार आहे.