‘पण या कलमाखाली शिक्षा झालीच किती जणांना?’

समलैंगिकतेला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध कुठेही मोहीम उभी राहिली की हा प्रश्न सगळ्यात आधी समोर येतो. विचारणारा दरवेळी भांडायलाच आलेला असतो असं नाही. हे कलम पुस्तकात पडून आहे, पडू दे की, असं त्याला मनापासून वाटत असतं. पण या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर देता आलं नाही तर मोहीम कोर्टातही हरू शकते. भारतात एकदा हरलो आहोत.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे खासगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून, म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, बाहेर काढले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या निकालपत्रातल्या दोन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने नीट वाचाव्यात. एक, प्रसिद्ध झालेल्या निकालांवरून पाहता दीडशे वर्षांत दोनशेहून कमी लोकांवर खटले चालले. दोन, सरकारी यंत्रणेने नेमका काय छळ केला याचे तपशील मूळ याचिकेत नाहीत.

पहिली मोजणीच चुकीची आहे. प्रसिद्ध निकाल म्हणजे बहुतेक करून वरच्या कोर्टापर्यंत पोचलेली प्रकरणं. चौकीतच पैसे देऊन सुटलेला माणूस त्यात येणार कसा? दुसरा मुद्दा मात्र आजही बोचतो. छळाची शपथपत्रं रेकॉर्डवर होती, पण ती नंतर हस्तक्षेप करणाऱ्या गटाने आणलेली. २००१ च्या मूळ याचिकेचा भर एचआयव्ही प्रतिबंधावर होता. म्हणून माझं ठाम मत आहे की मोर्चा, परिसंवाद, वकिलांची फी या सगळ्याच्या आधी घटनांची नोंदवही सुरू करा.

असा कायदा चालतो तो धाकावर. डेटिंग अॅपवरून ओळख होते, भेट ठरते, भेटीच्या जागी दोघं-तिघं जास्तीचे हजर. त्यातला एक पोलीस असतो किंवा तसं सांगतो. फोन काढून घेतात, घरचा नंबर शोधतात, एटीएमपर्यंत चालवत नेतात. तक्रार करायची तर आपणच कोणता ‘गुन्हा’ करायला गेलो होतो हे आधी सांगावं लागतं. म्हणून तक्रार होत नाही आणि पुढच्या महिन्यात तेच लोक परत पैसे मागतात. कलमाखाली एकही खटला नसताना हे बिनबोभाट चालू राहतं.

आता नोंद कशी करायची ते पाहा. ‘पोलिसांनी त्रास दिला’ हे वाक्य कोर्टात शून्य किमतीचं. तारीख, वेळ, जागा, किती माणसं, गणवेश होता का, छातीवरच्या पट्टीवर काय नाव होतं, कोणते शब्द वापरले ते जसेच्या तसे (‘घरी फोन लावू का?’ असं म्हणाले असतील तर तेच लिहा, ‘धमकी दिली’ असं नको), किती पैसे गेले, ऑनलाइन गेले असतील तर व्यवहार क्रमांक, मार लागला असेल तर दवाखान्याचा केसपेपर. हे सगळं शक्यतो दोन-तीन दिवसांत लिहून व्हायला हवं, कारण आठवडा उलटला की वेळा आणि शब्द सरमिसळ होतात, उलटतपासणीत नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं. चॅटचे स्क्रीनशॉट पुढे पाठवत बसू नका. मूळ फोनमधलं संभाषण तसंच राहू द्या, एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा.

संमती तीन वेळा, वेगवेगळी घ्या: आकडेवारीत धरायला, कोर्टात शपथपत्र म्हणून द्यायला आणि माध्यमांना सांगायला. एकाच सहीत तिन्ही उरकणं ही नेहमीची चूक आहे. आकडेवारीला हो म्हणणारा माणूस कोर्टात यायला तयार असेलच असं नाही, आणि बातमीतून गाव-नोकरी ओळखू आली तर तो आयुष्यातून उठतो. नोंदीत नावाऐवजी क्रमांक टाका. क्रमांक कोणाचा, ही यादी दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाकडे. छापा पडतो तेव्हा पहिल्यांदा कागदच उचलले जातात. २००१ मध्ये लखनौला एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना याच कलमाखाली पकडलं, तेव्हा कार्यालयातलं साहित्यही जप्त झालं होतं. ती माणसं सत्तेचाळीस दिवस तुरुंगात होती.

खटला झालेला नसतानाही दाद मागता येते, हे वकिलाला आवर्जून सांगा. १९८१ चा उत्तर आयर्लंडचा डजन खटला आणि १९८८ चा आयर्लंडचा नॉरिस खटला, दोन्ही समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यांविरुद्ध होते आणि दोन्हींत अर्जदारावर त्या कायद्याखाली फिर्याद नव्हती. तरी कायदा असणं हीच खासगी आयुष्यातली ढवळाढवळ आहे, हे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मान्य केलं.

मग मागणीचे शब्द. २०१९ मध्ये केनियातल्या नैरोबीच्या उच्च न्यायालयाने अशाच कायद्याविरुद्धची याचिका फेटाळताना, यातून समलिंगी विवाहाचं दार उघडेल हाही मुद्दा धरला. विवाहाचा हक्क मिळायलाच हवा, पण कलमाविरुद्धच्या याचिकेत तो ओढला जाणार हे धरून उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असावं. बळजबरीचं काय, हेही तितकंच महत्त्वाचं. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने संमतीचे संबंध मोकळे केले आणि बळजबरीपुरतं ३७७ शिल्लक ठेवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही, आणि बलात्काराच्या व्याख्येत सज्ञान पुरुष पीडित म्हणून येत नाही. ही पोकळी घोर आहे. नवा मसुदा येतो तेव्हा आपलं निवेदन वेळेत समितीकडे गेलेलं असलं पाहिजे.

जुन्या वसाहतींमध्ये आणखी एक अडसर असतो: स्वातंत्र्यापूर्वीच्या कायद्यांना राज्यघटनेतच दिलेलं संरक्षण. त्रिनिदादमध्ये अशाच कायद्याविरुद्ध २०१८ ला जिंकलेला खटला मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयात याच तरतुदीवर उलटला. अशी तरतूद तुमच्या घटनेत आहे का, हे पहिल्याच बैठकीत तपासा. आणि तांत्रिक विजयावर विसंबू नका. युगांडाचा समलैंगिकताविरोधी कायदा, तो मंजूर करताना संसदेत गणसंख्या नव्हती म्हणून, २०१४ मध्ये कोर्टात रद्द झाला, २०२३ मध्ये नवा आला तो काही प्रकरणांत मृत्युदंड घेऊन.

बोत्सवानाने घाई केली नाही. २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ‘अजून वेळ आलेली नाही’ असं म्हणून असा कायदा रद्द करायला नकार दिला. मग समलैंगिकांच्या संघटनेने आपल्या नोंदणीचा खटला लढवून २०१६ ला जिंकला, आणि ती संघटना २०१९ च्या मुख्य खटल्यात नुकसानीचा पुरावा घेऊन कोर्टाची मित्र (पक्षकार नसताना कोर्टाला माहिती देऊन मदत करणारी) म्हणून उभी राहिली. २०२१ ला तो निकाल अपिलातही टिकला.

एक मागणी बहुतेक याचिकांत राहूनच जाते: जुन्या शिक्षा पुसण्याची. जर्मनीत समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम १७५ गेलं १९९४ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर दिलेल्या शिक्षा रद्द करून भरपाई देणारा कायदा आला थेट २०१७ मध्ये, प्रत्येक शिक्षेमागे ३,००० युरो आणि तुरुंगातल्या वर्षामागे १,५०० युरो. तेवीस वर्षं मध्ये गेली, आणि तोवर शिक्षा झालेल्यांपैकी कितीतरी जण गुन्हेगार म्हणूनच वारले होते. ही मागणी पहिल्या मसुद्यातच घाला.