उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलं की भरपाई नाही? हा मेसेज पुढे पाठवू नका

कारखान्याचं बॉयलर पेटलं की हा मेसेज दरवर्षी फिरतो. यंदा आमच्या गावच्या ग्रुपवर तीनदा आला. मजकूर असा: ‘उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलात तर कायद्यानं चूक तुमचीच, भरपाई नाही. हेल्मेट-लायसन नसेल तर कोर्टात जाऊच नका. ट्रॉली शेतीची, तिला विमा लागत नाही. जखमीला हात लावू नका, पोलिसांचे हेलपाटे मागं लागतील.’

यातलं एकही वाक्य कायद्याला धरून नाही. आणि असल्या ऐकीव कायद्यावर भरवसा ठेवून आमच्या कळंब-अंबाजोगाई पट्ट्यात माणसं रस्त्यावरच मिटवामिटवी करून मोकळी होतात, म्हणून लिहितोय.

आधी ‘मागच्याचीच चूक’ हे बघू. असा सरसकट नियम कुठंच नाही. पुढच्या चालत्या गाडीपासून अंतर ठेवायचं, ही मागच्याची जबाबदारी आहेच. पण दुसऱ्याला धोका होईल अशा रीतीनं वाहन रस्त्यावर उभं ठेवू नये, हेही मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं. रात्री रस्त्यात दिव्याविना उभ्या असलेल्या गॅस टँकरवर कार आदळल्याचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. हायकोर्टानं कारवाल्याच्या माथी निम्मी चूक मारली होती. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती काढून टाकली आणि टँकरच जबाबदार ठरवला.

दोन वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ अशाच डबल ट्रॉलीला धडकला. टायर फुटलेला, ट्रॉली डांबरावरच उभी. मी पोचलो तेव्हा बॅटरी मारून पाहिलं. मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर होते, पण वरून लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, पार झाकलेले. ट्रॅक्टरचा मागचा दिवा दोन ट्रॉल्यांच्या पलीकडं, त्याचा काय उपयोग! इशारा म्हणून तीन धोंडे, तेही चाकाला चिकटून. ताशी 60 च्या वेगानं मोटारसायकल सेकंदाला 16-17 मीटर जाते. दिसून ब्रेक दाबेपर्यंतच पंचवीसेक मीटर गेलेले असतात. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर असला तर काळपट उसाचा ढीग दिसणार कधी? चाकापासून बरंच मागं एक लाल दिवा, आणि कारखान्याकडं निघण्याआधी कोयत्यानं छाटलेले वाढे, एवढ्यानं त्याचा पाय वाचला असता. ट्रॉली गेल्यावर धोंडे तिथंच राहतात, पुढच्याचा जीव घ्यायला. तेही उचलायची जबाबदारी ज्यानं लावले त्याचीच.

पंचनाम्यात ‘दुचाकीस्वाराने मागून धडक दिली’ एवढंच लिहायचं चाललं होतं. आम्ही हटून बसलो, दिवा नव्हता आणि रिफ्लेक्टर झाकले होते हे लिहून घेतलं. ट्रॉली हलवायच्या आधी मागच्या बाजूचे फोटो मोबाइलवर काढले. दाव्यात तेच कामी आले.

मागच्याचा वेग जास्त असेल, तो प्यायलेला असेल, तर त्याच्या चुकीचा वाटा कापला जातो. दहा लाख भरपाई ठरली आणि त्याची चूक 30 टक्के निघाली, तर सात लाख मिळतात. शून्य नाही.

हेल्मेट-लायसनचंही तसंच. ते नसल्याचा दंड वेगळा. पण नुसतं लायसन नव्हतं म्हणून अपघात त्याच्याच चुकीनं झाला असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2008 मध्येच सांगितलंय. 2020 मध्ये ट्रिपल सीटबद्दलही तेच: त्या गोष्टीमुळं अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. म्हणून डोक्याला मार असेल तर हेल्मेटचा मुद्दा निघू शकतो. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा काय संबंध?

विम्याचं ऐकून ट्रॉलीमालकांनी खूश होऊ नये. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हे मोटार वाहनच आहे आणि थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळं दुसऱ्याला झालेलं नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा आहे. विमा नसला तर जबाबदारी संपत नाही, ती मालकाच्या घरावर येते. ड्रायव्हर पगारी होता म्हणूनही सुटका नाही.

दावा जखमी जिथं राहतो तिथल्या मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणातही करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून दहावं-तेरावं झालं की कागद गोळा करायला लागा. कुणाची चूक हे सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मात्र ते स्वीकारले की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

आता शेवटचं वाक्य, ज्याचा मला सगळ्यात राग येतो. जखमीला मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात संरक्षण दिलंय, कलम 134 अ. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. 2025 च्या केंद्राच्या योजनेत जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार आहे, म्हणजे बिल आपल्या गळ्यात पडेल ही भीतीही नको.

माझ्या भावाला उचलून जीपमध्ये घातलं ते त्याच ट्रॉलीबरोबरच्या दोघा ऊसतोड मजुरांनी. एकानं डोक्याचा पटका सोडून त्याच्या मांडीला आवळून बांधला. दवाखान्याच्या दारात पोलीस दिसले तसे दोघंही नाव न सांगता निघून गेले. भाऊ आता काठी टेकत चालतो, आणि दर हंगामाला रस्त्याकडेच्या कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर, त्यांची चौकशी करतो.