‘एक डिक्शनरी पुरते’ म्हणणाऱ्यांना

“जँगोची कॅश जड आहे. मॉड्यूलच्या डोक्यावर एक ग्लोबल डिक्शनरी ठेवा, चार ओळींत काम होतं.” जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कबद्दल अशा अर्थाचा सल्ला बराच फिरतोय. (कॅश म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा, डिक्शनरी म्हणजे नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा साठा.) तो देणाऱ्याच्या लॅपटॉपवर हे छान चालतं, आणि गोम तिथेच आहे.

लॅपटॉपवर सगळ्या रिक्वेस्ट एकच प्रोसेस हाताळते. सर्व्हरवर गनिकॉर्न या वेब सर्व्हरचे चार वर्कर लावले की चार प्रोसेस आणि चार वेगळ्या डिक्शनऱ्या. कुणी प्रोफाइलमधलं नाव बदललं, तर ते एका वर्करला कळतं, बाकी तिघांना पत्ता नसतो. पान रिफ्रेश करावं तसं कधी नवं नाव, कधी जुनं. असा बग शोधताना माणूस आधी ब्राउझरला शिव्या घालतो.

यावर उत्तर येतं, “जँगोची डीफॉल्ट लोकमेम (प्रोसेसच्या मेमरीतली) कॅशही प्रत्येक प्रोसेसची वेगळीच असते.” बरोबर, मान्य. पण तिला ३०० सेकंदांची मुदत आहे आणि ३०० नोंदींची मर्यादा. मर्यादा गाठली की साधारण एक तृतीयांश नोंदी ती काढून टाकते. तुमची डिक्शनरी मात्र वर्कर रीस्टार्ट होईपर्यंत फुगतच राहते.

“जड” या आरोपात थोडं तथ्य आहे. लोकमेम प्रत्येक व्हॅल्यू पिकल करून (बाइट्समध्ये बदलून) ठेवते, वाचताना परत उलगडते, आणि त्याला वेळ लागतो. पण त्यामुळे दर वेळी हातात नवी प्रत येते. डिक्शनरी मूळ ऑब्जेक्टच देते. त्यात लिस्ट ठेवली असेल आणि एखाद्या व्ह्यूने (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनने) त्या लिस्टमध्ये सहज एक अपेंड केलं, की त्या वर्करकडे येणाऱ्या पुढच्या प्रत्येक युजरला ती बिघडलेली लिस्ट मिळणार.

आता सगळ्यात लाडकं वाक्य: “सेव्ह झालं की कॅशमधली ‘की’ (नोंदीचं नाव) डिलीट करा, विषय संपला.” विषय तिथे सुरू होतो. पहिली रिक्वेस्ट डेटाबेसमधून जुनी व्हॅल्यू वाचते. तेवढ्यात दुसरी रिक्वेस्ट नवी व्हॅल्यू लिहून ती ‘की’ डिलीट करते. मग पहिली आपल्या हातातली जुनी व्हॅल्यू कॅशमध्ये टाकते. मुदतच नसेल तर ती शिळी नोंद कायमची. ट्रान्झॅक्शन कमिट (डेटाबेसमधला बदल पक्का) व्हायच्या आधी डिलीट केलं तर ही फट आणखी रुंदावते. म्हणून डिलीट ‘ऑन कमिट’मध्ये, म्हणजे कमिटनंतरच चालणाऱ्या कोडमध्ये टाकायचं. शिवाय क्वेरीसेटवर (डेटाबेसमधल्या नोंदींच्या संचावर) थेट अपडेट चालवलं तर सेव्हचा सिग्नल (सेव्ह झाल्याची जँगोची सूचना) सुटतच नाही, त्यामुळे सिग्नलवर टांगलेलं डिलीटही होत नाही.

“फ्रेमवर्कमध्ये हवं तसं करता येत नाही” हे तर डॉक्युमेंटेशन न उघडता केलेलं विधान. जँगोच्या बेसकॅश या मूळ क्लासवरून आपला क्लास काढा, गेट, सेट, अ‍ॅड, डिलीट वगैरे मेथड लिहा, सेटिंग्जमध्ये त्या बॅकएंडचा (कॅश प्रत्यक्ष साठवणाऱ्या भागाचा) पाथ द्या. आधी मेमरी, मग रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) अशी दोन थरांची कॅशही यात बसते. कीची नावं कशी बनवायची तेही बदलता येतं. रेडिसचा बॅकएंड तर २०२१ च्या ४.० आवृत्तीपासून जँगोसोबतच येतो. उद्या बॅकएंड बदललात तर व्ह्यूमधल्या एकाही ओळीला हात लावायला नको.

स्वतःची कॅश लिहायला माझी ना नाही. ती फ्रेमवर्कच्या दारातून आत आणा एवढंच म्हणणं. आणि डिक्शनरीच हवी असेल, तर प्रोसेस चालू असेपर्यंत न बदलणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा. त्यासाठीही पायथॉनची एलआरयू कॅश (जागा भरली की सर्वांत जास्त वेळ न वापरलेली नोंद काढणारी) आयतीच आहे, १२८ नोंदींच्या डीफॉल्ट मर्यादेसह.