तेरा साती एक्याण्णव

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "खिशात कॅल्क्युलेटर असताना पाढे पाठ करायला लावणं म्हणजे मुलांचा छळ. शंभर गुणाकार घोकून समज मरते. ९ चा पाढा बोटांवर येतो आणि ७ ला तर काही नियमच नाही." आठवड्यात चौथ्यांदा आला, म्हणून हे लिहितोय.

आधी कॅल्क्युलेटर. परवा भाचीला ९१/११९ ला संक्षिप्त रूप द्यायचं होतं. तिनं फोन काढला. उत्तर आलं ०.७६४७०५८ आणि पुढे लांबलचक शेपूट. आता? दोन्ही संख्यांच्या पोटात ७ बसलाय, हे त्या शेपटावरून कळायचं कसं? तिची आजी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तेरा साती एक्याण्णव, सतरा साती एकशे एकोणीस." झालं, १३/१७. पाढ्याचा खरा उपयोग असा उलट्या बाजूनं आहे: संख्या बघितली की ती कुणाच्या पटीत आहे ते दिसतं. लसावि, मसावि, अवयव पाडणं, सगळं त्यावरच चालतं.

शंभर गुणाकार म्हणे! सात आठे छप्पन्न आलं की आठ साती छप्पन्न फुकट. १ आणि १० चे पाढे कुणी घोकत नाही. उरतात ३६. मोजून बघा.

बोटांची युक्ती खोटी नाही. नऊ चोकसाठी चौथं बोट मिटायचं. डावीकडे ३, उजवीकडे ६, म्हणजे ३६. पण असं का होतं? नऊ चोक म्हणजे ४० वजा ४. दशक एकानं उतरतं आणि एककात १० मधून ४ गेलेले उरतात. हे सांगितलंत तर समज. नुसतं बोट मिटायला शिकवलंत, तर तीही पोपटपंचीच, फक्त हातांनी केलेली.

७ ला नियम नाही, हे तर साफ चूक. शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. ८६१ घ्या: ८६ − २ = ८४. बारा साती चौऱ्याऐंशी, म्हणजे ८६१ ला ७ नं भाग जातो. का? कारण ८६१ म्हणजे ८४० अधिक २१, आणि दोन्ही तुकडे साताच्या पटीतले. म्हणजे नियम वापरायलाही साताचा पाढा हवाच.

एक मात्र मान्य. पावकी, निमकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि अडीच पटीचे पाढे, आज कुणी पाठ करू नये. रुपयाचे १६ आणे असताना बाजारात त्या लागायच्या. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि त्यांचं काम संपत गेलं. २९ चा पाढाही मी कुणावर लादणार नाही. तीस सक एकशे ऐंशी, त्यातून ६ काढा, भागलं. २० पर्यंत मात्र हवेतच.

मेसेज पाठवणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, ५१ मूळ संख्या आहे का हो? "आहे की," ते म्हणाले.

सतरा त्रिक एक्कावन्न.