अवैध निविष्टी

"अगं, मी काय अवैध केलं?"

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आज संध्याकाळी हातातला फोन पुढे करून विचारलं. वय ७३, निवृत्त मुख्याध्यापिका. शिष्यवृत्तीचे शेकडो फॉर्म हातानं भरून दिलेली बाई. एका संस्थेचा (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) ज्येष्ठांसाठीचा ऑनलाइन फॉर्म भरत होत्या. वर लाल पट्टी, तीत दोनच शब्द: अवैध निविष्टी, म्हणजे इंग्रजीतलं "इनव्हॅलिड इनपुट". खाली सगळे रकाने कोरे. चौथ्यांदा. आणि वर चष्मा पुसत म्हणतात, "माझंच काहीतरी चुकत असणार."

नाही काकू. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

वेबसाइट बनवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, पुढचं तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, तुम्हीही कधी ना कधी या पट्टीपुढे मान खाली घातलेली आहे.

फॉर्म म्हणतो, नाव मराठीत लिहा. काकूंनी लिहिलं. फॉर्म म्हणाला अवैध. का? तर तपासणीच्या नियमात फक्त "अक्षर" हा युनिकोडचा (जगातल्या प्रत्येक लिपीच्या चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीचा) वर्ग चालतो असं लिहिलंय. युनिकोडच्या हिशेबात क, म, ल ही अक्षरं. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह हा वेगळा वर्ग, "खुणा". म्हणजे शरद पास, कमल पास, मदन पास. मीना नापास, सुधीर नापास, विठ्ठल साक्षात नापास. चाचणी करणाऱ्याचं नाव बहुतेक शरद असावं.

उपाय एका ओळीचा आहे. अक्षरांच्या जोडीला खुणांचा वर्गही घ्या, रिकामी जागा, टिंब आणि जोडाक्षर कसं दिसावं हे ठरवणारी २००सी-२००डी या क्रमांकांची दोन अदृश्य चिन्हं घ्या. खरं तर नाव तपासूच नका. रिकामं नाही ना, एवढं बघा आणि पुढे सोडा. माणसाचं नाव बरोबर की चूक हे ठरवणारे आपण कोण?

काकूंच्या आडनावात तर कऱ्हाडेमधल्यासारखा ऱ आहे. हा ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो. युनिकोड क्रमांक ०९३१ हे एकच चिन्ह, किंवा ०९३० म्हणजे साधा र आणि खाली ०९३सी हा नुक्ता (या दोन्हींपुढे पायमोड), किंवा र, पायमोड आणि अदृश्य जोडक २००डी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला तीन वेगळी आडनावं वाटतात. पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) केलं की एक होतात. तिसरा होत नाही, त्याच्यासाठी बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. हे साठवताना केलं नाही, तर उद्या कुणीतरी काकूंना सांगेल की तुमचं आडनाव रेकॉर्डशी जुळत नाही. आणि त्या पुन्हा म्हणतील, माझंच काहीतरी चुकलं असेल.

लांबीचंही तेच. "ज्ञानेश्वर" आपल्या डोळ्याला चार अक्षरं. मॅक्सलेंग्थच्या, म्हणजे रकान्याला घातलेल्या लांबीच्या मर्यादेच्या, मोजणीत दहा. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे ३०. तुमच्या डेटाबेसचा ३० बाइटचा रकाना एकट्या ज्ञानेश्वरानं भरला. वडिलांचं नाव आणि आडनाव कुठे ठेवायचं? आणि रकाना लॅटिन-१ या फक्त युरोपीय अक्षरांच्या जुन्या पद्धतीत असेल तर बऱ्याचदा नुसती प्रश्नचिन्हं साठतात, ती परत अक्षरं होत नाहीत.

मग मोबाइल नंबर. कीबोर्ड मराठी, म्हणून आकडे मराठी उमटले. पुन्हा अवैध! जावास्क्रिप्टच्या तपासणीतला "आकडा" म्हणजे फक्त इंग्रजी आकडा. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक ०९६६. प्रत्येक आकड्यातून तेवढे वजा केले की ० ते ९ मिळतात. दोन ओळींचं काम. तेही नको असेल तर निदान रकान्याला "इनपुटमोड न्यूमेरिक" ही सूचना लावा, म्हणजे आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल. रकान्याचा टाइप "नंबर" मात्र ठेवू नका, तो रकमेसाठी आहे. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं त्यात उडण्याची भीती असते.

जन्मतारीख. इथे माझा पारा खरा चढला. कॅलेंडर उघडतं आजच्या महिन्यावर आणि मागे जायला एक चिमुकला बाण. ७३ गुणिले १२ म्हणजे ८७६ वेळा बोट लावायचं. जन्मतारीख काय सिनेमाची तिकिटं काढताना शोधायची गोष्ट आहे का? ती पाठ असते. तीन रकाने द्या, दिवस, महिना, वर्ष, आणि टाइप करू द्या. कॅलेंडर पुढच्या तारखांसाठी, अपॉइंटमेंटसाठी ठेवा.

फोटो "२० ते ५० केबी". काकूंच्या फोनमधला फोटो साडेतीन एमबीचा. केबी म्हणजे काय हे ७३व्या वर्षी कुणी का शिकावं? फोटो निवडल्यावर ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (पानावरच्या चित्र काढायच्या जागेवर) काढा, ३५० बाय ४५० पिक्सेलला आणा, जेपेगचा दर्जा ०.७ ठेवा. तो बहुतेक वेळा ५० केबीच्या आतच बसतो. सर्व्हरवर काही लागत नाही. हे काम यंत्राचं आहे, ते माणसाच्या गळ्यात का मारता?

ओटीपीला सहा वेगळे चौकोन. सुंदर दिसतात, पेस्ट होत नाही. ओटीपी बघायला काकू मेसेजमध्ये गेल्या, परत आल्या तर पान पहिल्यापासून. एकच रकाना ठेवा, त्याच्या ऑटोकम्प्लीटमध्ये (रकान्यात काय भरायचं ते फोनला सांगणाऱ्या सूचनेत) वन-टाइम-कोड लिहा. आयफोनचा कीबोर्ड आकडा स्वतः पुढे करतो, अँड्रॉइडच्या क्रोमला मेसेजमधून ओटीपी उचलणारं वेबओटीपी आहे. आणि भरलेलं तेवढं दर रकान्यानंतर फोनवरच लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवा. आधार, पासवर्ड सोडून, हे सांगायला नको.

ठीक आहे, सेशन संपवणं सुरक्षिततेसाठी लागतं, मान्य. पण संपण्याआधी विचारा तरी. डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे सगळ्यांना वापरता येतील अशा वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये, हा मार्ग स्पष्ट आहे: आधी इशारा, मुदत वाढवायला किमान २० सेकंद आणि "वाढवा" म्हणायला एक साधी कृती, जसं एक बटण. बँकांना जमतं.

आणि सबमिटच्या शेजारी रिसेटचं बटण, त्याच आकाराचं, त्याच रंगाचं! अख्ख्या महाराष्ट्रात आजवर एका तरी माणसाला पूर्ण भरलेला फॉर्म हौसेनं पुसायचा होता का? काढून टाका. आजच.

आता दिसण्याबद्दल थोडं, कारण "डिझाइन" म्हटलं की सगळ्यांना तेवढंच आठवतं. मुखपृष्ठावर सरकणारे पाच फोटो होते, ते सोडा. मला राग रकान्यांच्या नावांचा आला. रकान्याचं नाव रकान्याच्या आतच, फिकट राखाडी. टाइप करायला लागलं की गायब. पांढऱ्यावर ९९९९९९ या रंगक्रमांकाचा तो राखाडी म्हणजे उजळ-गडदपणात जेमतेम २.८५ ला १ एवढा फरक. हवा किमान ४.५ ला १. ७६७६७६ क्रमांकाचा राखाडी घेतला तरी पास होतो. नाव रकान्याच्या वर लिहा, कायमचं, आणि लेबल रकान्याशी जोडा, म्हणजे नावावर बोट लागलं तरी कर्सर आत येतो. बटणं ४८ पिक्सेलची करा. डब्ल्यूसीएजीची किमान मर्यादा २४ आहे, पण २४ ला काकूंचं बोट शेजारच्या बटणावर पडतं.

देवनागरीला इंग्रजीची मापं लावू नका. "मूर्तींना" हा शब्द लिहून बघा: खाली उकार, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ ठेवली तर ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसतात. १.६ ते १.८ ठेवा. बटणाला ठरावीक उंची देऊ नका, किमान उंची द्या. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणि पानाच्या लँगमध्ये, म्हणजे भाषेच्या नोंदीत, एमआर (मराठी) लिहा. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचा ल आणि श देतात, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकसारख्या अ‍ॅपला मराठी आवाज घ्यायचा हे कळतं. त्या नोंदीत इंग्रजीचं ईएन तसंच राहिलेल्या मराठी साइट रोज बघते मी.

भाषा. "निविष्टी" कोण बोलतं? काकूंनी ३० वर्षं मराठी शिकवलं, त्यांनाही थांबून विचारावं लागलं. "ओटीपी" सगळ्यांना कळतं तिथे "एकवेळचा संकेतांक" कशाला? मी मराठीच्या विरोधात आहे असा अर्थ काढू नका, मला ओळखता तुम्ही. "मोबाइल नंबरमध्ये १० आकडे हवेत, तुम्ही ९ लिहिलेत" हे मराठी नाही का? हे वाक्य त्या रकान्याच्या खाली लिहा, फॉर्मच्या डोक्यावर नको, आणि बाकीचे रकाने भरलेले ठेवा. नुसतं लाल करू नका, लाल सगळ्यांना दिसत नाही.

एवढं लिहून जरा शांत झाले. सगळी चूक पोरांची नाही, तेही माहितीय. टेंडर कमी बोलीला, मुदत तीन आठवडे, चाचणीला वेळ शून्य, आणि साहेब साइट बघणार ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर. त्यात रेफाचा विचार कोण करतं. तरी हातात पाच मिनिटं असतील तर एवढं करा: घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, अक्षरं मोठी करायची सेटिंग लावा, मराठी कीबोर्ड ठेवा आणि आईला फॉर्म भरायला बसवा. तुम्ही बोलायचं नाही. ती जिथे थांबेल तिथे चूक आहे. तुमची.

काकूंचा फॉर्म आज झाला नाही. पाचव्यांदा नाव इंग्रजीत लिहून बघितलं तर उत्तर आलं, "कृपया मराठीत लिहा". उद्या त्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाणार आहेत. पासपोर्ट फोटोच्या दोन प्रती काढून ठेवल्यात आणि सगळी माहिती एका कागदावर लिहून घेतलीय, शाळेतल्या अक्षरात, आडनावातल्या ऱ सकट.