पारोच्या कपाळावरचा व्रण

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शरच्चंद्र चट्टोपाध्याय, म्हणजे आपले शरदबाबू, यांच्या ‘देवदास’ कादंबरीवरच्या लेखात मी देवदासला भेकड म्हटलं, ते तुम्हाला लागलं. जमीनदार बाप, कुळाचा ताठा, त्या काळचा बंगाल. कोवळ्या वयाचं पोर करणार तरी काय, असं तुम्ही विचारता. त्याची आणि पार्वतीची, म्हणजे पारोची, लग्नगाठच नशिबात नव्हती, आणि शेवटी खुद्द शरदबाबू त्या हतभाग्यासाठी प्रार्थना करायला सांगतात, तर दोष देणाऱ्या आपण कोण?

परिस्थितीबद्दल तुमचं खरं आहे. मी ती दोन ओळींत उरकली, ही माझी चूक. पार्वतीचं चक्रवर्तींचं घर ब्राह्मणाचंच, पण मुलीच्या लग्नात पैसे घेणारं, म्हणून देवदासच्या मुखर्जी घराण्याच्या लेखी हलकं. त्यात अगदी शेजारचं. देवदासच्या आईचा पारोवर जीव होता, तरी तिनेही या लग्नाला होकार दिला नाही. यातलं काहीच देवदासने मागून घेतलेलं नव्हतं. याला नशीब म्हणा, माझी हरकत नाही.

पण पुढे बघा. तेराव्या वर्षातली पारो मध्यरात्र उलटल्यावर एकटी त्याच्या खोलीत येते. कुणी पाहिलं तर आपलं काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिच्या हातात त्याच्यापेक्षा कितीतरी कमी होतं, आणि तिने ते सगळं पणाला लावलं. देवदास वडिलांकडे एकदा विषय काढतो, बोलणी खातो आणि कलकत्ता गाठतो. तिथून पत्र धाडतो, की तुझ्यावर माझं फार प्रेम आहे असं मला कधी वाटलंच नाही. हे पत्र बापाने लिहवून घेतलं नव्हतं. ते पेटीत पडेपर्यंत त्याच्या मनात एक होतं, पडल्याक्षणी दुसरंच सुरू झालं. शरदबाबूंनी तिथे उपमा दिली आहे ती हातातून भिरकावलेल्या ढेकळाची. फेकणारा त्याच्याकडे टक लावून बघत राहतो.

मग तो धावत गावी येतो. तळ्याच्या घाटावर पारो विचारते, तुला आईबाप आहेत, मला नाहीत का? बोलणं वाढत जातं, आणि तो गळाची काठी तिच्या कपाळावर मारतो. रक्त येतं.

आपण नशिबालाच ‘कपाळ’ म्हणतो. सटवाई पाचवीच्या रात्री तिथे काय ते लिहून जाते म्हणतात. पारोच्या कपाळावरचं हे अक्षर सटवाईचं नव्हे हो!

हे मी इतकं धरून का बसले, तेही सांगते. माझ्या आत्याचं जमलेलं लग्न मोडलं, कारण मुलाने घरी तोंडच उघडलं नाही. आत्याच्या कपाटात मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले शरदबाबू होते. घरातले सगळे जन्मभर म्हणत राहिले, ‘तिच्या नशिबात नव्हतं.’ त्या मुलाचं नाव कुणी घेतलं नाही. नशीब म्हटलं की बोलणं तिथेच संपतं, आणि ज्याने गप्प बसायचं ठरवलं तो अलगद सुटतो. आत्या मात्र कमनशिबी ठरली.

आता प्रार्थनेचं. १९१७ साली छापून आलेल्या या कादंबरीच्या शेवटी शरदबाबू देवदाससाठी तीन शब्द वापरतात : हतभागी, असंयमी, पापिष्ठ. तुम्ही पहिला घेतलात, मी पुढच्या दोघांवर अडून बसले. त्यांनी मात्र तिन्ही एका दमात लिहिले आणि त्याच माणसासाठी प्रार्थना मागितली. दोष दिला की माया आटते असं थोडंच आहे?

आणि एक तुमच्यामुळे पुन्हा वाचलं. पांडुआ स्टेशनावर पहाटे गाडी थांबते. त्याचा म्हातारा नोकर धर्मदास झोपलेला. मरायला टेकलेला देवदास त्याला न उठवता एकटा खाली उतरतो आणि पारोच्या सासरी, हातीपोत्याला, जायला बैलगाडी शोधतो, कारण मरण्याआधी एकदा येईन असा शब्द त्याने पारोला दिला होता. तिथे बाप नाही, कुळ नाही, कुणी ढकललेलं नाही. तो भेकड नव्हता त्या पहाटे. लेखातला तो शब्द मी आज काढते आहे. पत्राबद्दल लिहिलंय ते तसंच राहील.